लाईट आली की मासा कुठं जातो?

पहिला दिवस : पैठणची गाडी आणि मामांची विहीर

संभाजीनगरहून पैठणच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. काळी पेटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, वर टाका की ती." मी मान हलवली. पेटीत हायड्रोफोन होता, म्हणजे पाण्याखाली ऐकणारा मायक्रोफोन. अंगठ्याएवढं काळं टोक, आत सिरॅमिकचा तुकडा. पाण्यातून आवाज आला की त्या तुकड्यावर दाब पडतो आणि विजेचा अगदी बारीक इशारा निघतो. मागे ३० मीटर वायर. एवढंच सामान, पण एक धक्का बसला तर सगळा प्रवास वाया.

मी कोकण किनाऱ्यावर काम करते. होडीचा आवाज आला की डॉल्फिन काय करतात, ते टिपायचं. दोन श्वासांमध्ये किती सेकंद गेले, कळप कुठं वळला, पिल्लू आईच्या कोणत्या बाजूला सरकलं, खाणं चालू होतं ते थांबलं का. हे सगळं वहीत, आणि त्याच वेळी पाण्याखालचा आवाज यंत्रात. नंतर दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

या कामात मला आजवर एक गोष्ट हवी तशी मिळालेली नाही : शांत पाणी. आवाजाने वागणं बदललं असं म्हणायचं, तर आवाज नव्हता तेव्हाचं वागणं माहीत हवं. समुद्रावर आम्ही पोचतो तोवर मोटारी सुरू झालेल्या असतात. लांबच्या मोठ्या जहाजांची घरघर तर रात्रंदिवस असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटाजवळ १९६०च्या दशकातली मोजमापं जपलेली होती. त्याच जागी २००३-०४मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा जहाजांच्या आवाजाच्या पट्ट्यातला, खालच्या सुरांचा गोंगाट १० ते १२ डेसिबलनं वाढलेला निघाला. १० डेसिबल म्हणजे दसपट शक्ती. तिथं जुनी नोंद हाताशी होती म्हणून हे कळलं. आपल्या किनाऱ्यावर तेवढी जुनी नोंद माझ्या हाती नाही.

मग गेल्या दिवाळीत मामांचा फोन आला. पिकांचं बोलता बोलता म्हणाले, "लाईट गेली की सगळ्या मोटारी गप होत्यात. मग धरणाचं पाणी कसं निवांत व्हतं, ते येऊन बघ एकदा." ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

बिडकीन गेलं, ढोरकीन गेलं. रस्त्याच्या कडेला ऊस, मध्येच हरभरा काढलेली रानं. माघ संपत आलेला. पैठणला उतरून नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि मामांच्या मोटारसायकलवर फुगवट्याच्या काठचं गाव गाठलं.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सुमारे १० किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे, आणि मागं पसरलेला नाथसागर. मामांचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. "इथून सरळ बघ, ते बाभळीचं झाड हाय ना, त्याच्या पल्याड आपला वाडा व्हता," हे ते मला लहानपणापासून दाखवत आलेत. दाखवताना त्यांचा आवाज अजूनही जरा खाली येतो.

संध्याकाळी विहिरीत हायड्रोफोन सोडला, फक्त तपासायला. कडेच्या झऱ्याचं टिपटिप पडणं, एका बेडकाची डुबकी. आणि त्याखाली एक संथ धडधड. बराच वेळ उलगडा होईना. मग मामी म्हणाल्या, "अगं, ती आपली पिठाची गिरणी." गिरणी विहिरीपासून चांगली लांब, वर उभं राहून कानाला काहीच येत नव्हतं. जमिनीतून, खडकातून तो आवाज पाण्यात उतरला होता. मामींनीही हेडफोन लावला आणि गिरणी बंद होईपर्यंत काढला नाही.

दुसरा दिवस : काकांची होडी

पहाटे साडेचारला निघालो. मामांचे जुने स्नेही, भोई समाजातले, वय साठीच्या पुढचं. सगळं गाव त्यांना काका म्हणतं, मीही. होडी वल्ह्याची. "मोटार नाही लावली?" विचारलं तर म्हणाले, "लावली व्हती भाच्यानं. मी नाही लावत. मासा आधी पळतो, मग आपण पोचतो."

माझ्या वहीतलं पहिलं वाक्य तेच आहे.

नाथसागर पसरट आहे. धरणाच्या भिंतीजवळ खोल, पण फुगवट्याकडं मैलोन्‌मैल उथळ, बशीसारखा. पाणी उतरायला लागलं होतं आणि मागं सरकलेल्या काठावर गाळपेराची हिरवी पट्टी दिसत होती. दोन-अडीच पुरुष खोल पाण्यात काकांनी वल्हं थांबवलं. मी टोक खाली सोडलं.

पाण्याखाली शांतता म्हणजे काहीच नसणं, असं वाटतं. तसं नसतं. आधी लाटांची बारीक सळसळ कळते. मग बुडबुड्यांचं फुटणं. मग मधूनच कटकट, कडक काहीतरी चावल्यासारखी; रोहू, कटला, मृगळ या जातीच्या माशांना तोंडात दात नसतात, घशात असतात, आणि खाताना ते वाजतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर. म्हणून बुडी मारून ऐकलं तर तो दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो आणि दिशा कळत नाही. माझं तर टोकही एकच, म्हणून हेडफोनमध्येही सगळं आपल्या डोक्याच्या आतच चाललंय असं भासतं. गंमत म्हणजे हा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो समुद्रात नव्हे, गोड्या पाण्यात. १८२६ साली जिनिव्हाच्या तळ्यात कोलाडों आणि स्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी दोन होड्या लांब अंतरावर उभ्या केल्या. एकीवरून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा उजेड करायचा, दुसरीवर कर्णा पाण्यात घालून कान लावायचा. उजेड दिसला आणि घंटा ऐकू आली यात गेलेला वेळ मोजला, उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वल्ह्याचा दांडा पाण्यात उभा धरला, वरचं टोक कानाला लावलं आणि म्हणाले, "असं?" त्यांचे वडील असं ऐकायचे म्हणे. लांबून दुसरी होडी येत असली की कळायचं.

उजाडल्यावर काकांनी जाळं टाकलं आणि मग ज्यासाठी मी आले होते, ते न सांगता समोर आलं. अर्धवर्तुळात जाळं सोडून झालं, होडी आतल्या बाजूला घेतली आणि वल्ह्यानं पाणी बडवायला सुरुवात केली. फाट, फाट, फाट. हेडफोनमध्ये मला ते सहन होईना, चटकन काढून ठेवला. मासा त्या आवाजापासून पळतो आणि समोर जाळ्यात जातो. कधी थाळी वाजवतात, कधी होडीचा काठ. शेकडो वर्षं हा धंदा आवाजानं मासा हाकण्यावर उभा आहे.

आमच्या अहवालांत ज्याला वर्तणुकीतला प्रतिसाद म्हणतात, ज्यासाठी लाखोंची यंत्रं लागतात, तो काकांच्या हाताला ठाऊक आहे. किती जोरानं बडवलं तर मासा सरळ पळतो आणि कितीनं तळाला जाऊन बसतो, हेही. "लई जोरात हाणलं तर बसतो तो. मग काय केलं तरी हालत नाही." हे वाक्य मी दोनदा विचारून लिहून घेतलं. कारण आवाज वाढला की प्रतिसादही तेवढाच वाढतो, असं धरून चाललं तर फसगत होते. एका मर्यादेनंतर प्राणी पळत नाही, गोठतो. आणि लांबून बघणारा लिहितो, काही परिणाम नाही.

जाळं ओढताना एक शिंगाळा वर आला. लांब मिशा, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटा. काकांनी डोक्यामागं धरताच तो आवाज करू लागला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, किर्र, किर्र. मी हात जवळ नेला. बाजूचा काटा तो बुडाशी फिरवत होता आणि दर फिरवण्याला काटा आपल्या खोबणीत घासून ती किर्र उमटत होती. बोटाला कंप लागला. मासा मुका असतो हे आपण किती सहज बोलून जातो.

आणि बहिराही नसतो. रोहू, कटला, शिंगाळा या सगळ्यांच्या कण्याच्या पुढच्या टोकाला बारीक हाडांची एक साखळी असते. पोटातला हवेचा फुगा आवाजानं थरथरतो आणि ती साखळी तो थरथराट आतल्या कानाला पोचवते. १८२० साली वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं ती दाखवली, म्हणून त्याचं नाव त्या हाडांना आहे. पुढं कार्ल फॉन फ्रिश या प्राणिशास्त्रज्ञांनी एका आंधळ्या मांगूरवर्गीय माशाला शिट्टी मारून खायला घालायची सवय लावली. काही दिवसांनी नुसती शिट्टी मारली तरी तो आपल्या बिळातून बाहेर यायचा. १९२३ सालची ही गोष्ट. समुद्रातल्या पुष्कळ माशांना ही हाडांची साखळी नसते, ते खालचेच सूर ऐकतात. म्हणजे आपल्या धरणातला रोहू कितीतरी समुद्री माशांपेक्षा तिखट कानाचा आहे, आणि त्याच्या कानावर काय पडतं याची चौकशी मात्र फार कमी होते.

दुपारी मामींनी ज्वारीची भाकरी आणि त्याच शिंगाळ्याचं कालवण वाढलं. मी भाकरी ठेच्याशी खाल्ली. सकाळी बोटाला लागलेला कंप अजून बोटात होता.

तिसरा दिवस : रात्री दहाची लाईट

दिवसभर काठाकाठानं हिंडून मोटारी मोजल्या. मामा पुढं, मी मागं वही घेऊन. पाणी मागं सरकलं की शेतकरी चारी खणून पाणी आत घेतात, पाइप वाढवतात, मोटार पुढं सरकवतात. काठावर स्टार्टरच्या पेट्यांची ओळच लागलेली. कुठं तरंगत्या पिंपांवर मोटार, कुठं पाण्यात बुडालेली सबमर्सिबल, कुठं फूटव्हॉल गाळात रुतू नये म्हणून बांबूला बांधलेला. नजर पोचेल तिथवर हेच. ऊस आहे, केळी आहेत, माणसं जगतात त्यावर. माझ्या मामांचं घर त्यावर चालतं. हे लिहिताना मी कुणाकडं बोट दाखवत नाही आणि दाखवणारही नाही.

शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, दहाला. बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. म्हणजे काही मिनिटांच्या आत मैलभर काठावरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू, आणि पाळी संपली की एकदम बंद. जागा तीच, मासे तेच, हवा तीच, फक्त आवाज आला आणि गेला. असा प्रयोग समुद्रात करायला कुणी देणार नाही.

समुद्रात तो एकदा अवचित झाला. २००१मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही दिवस अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावरची जहाजांची ये-जा एकदम घटली. कॅनडाच्या फंडी उपसागरात राइट व्हेल या देवमाशांवर काम करणारे लोक तेव्हा पाण्यावर होते. पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलनं उतरला. त्याच दिवसांत देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा होत होते आणि त्यांतलं तणावाच्या संप्रेरकाचं प्रमाणही खाली आलेलं निघालं. हे दोन्ही जोडून २०१२ साली छापलं गेलं. ते प्राणी तणावात होते, हे तणाव उतरला तेव्हा कळलं. रोजच्या गोंगाटात ते वरून बघून कळलं नसतं.

मामांना मी हे ओसरीवर बसून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी म्हशीसारखं. वरून काही दिसत नाही, दूध आटतं."

रात्री साडेनऊला मामांच्या मोटारीपाशी गेलो. वायर पाइपाच्या कडेनं पाण्यात नेली, टोक तीनेक मीटर खोल पाण्यात, मोटारीपासून चांगलं पंचवीस मीटर पुढं. यंत्र स्टार्टरच्या पेटीवर ठेवलं, दव लागू नये म्हणून. मामा बॅटरी विझवून बाभळीखाली बसले. दहाला सात कमी असताना पाणी इतकं निवांत होतं की माशाचं उसळणं लांबूनही मोजता येत होतं. दर दहा मिनिटांना मी वहीत काट्या ओढत होते.

मग पेटीत कॉन्टॅक्टर ओढल्याचा टक्‌ आवाज आला. शेजारच्या पेटीत टक्‌. पलीकडं टक्‌, टक्‌. आणि हेडफोनमध्ये एक जाड गुंजन उभं राहिलं, सगळं झाकून टाकणारं. माशांच्या उसळ्या, कटकट, लाटांची सळसळ, सगळं त्याखाली गेलं. झाकोळणं म्हणतो आम्ही याला. यात आवाजानं प्राण्याला इजा होतेच असं नाही, पण त्याला जे ऐकायचं असतं ते ऐकू येत नाही. माझ्या अंगावर काटा आला. हेच दाखवायचं होतं मला. पहाटेपर्यंत जागले. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : मिळालं.

चौथा दिवस : बाभळीला टांगलेला हायड्रोफोन

सकाळी लॅपटॉपवर रात्रीचा आवाज उघडला आणि पोटात गोळा आला.

पडद्यावर सरळ रेघा होत्या. ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या सुराला एक, मग १०० ला, १५० ला, २०० ला. पट्टीनं आखल्यासारख्या. ५० म्हणजे आपल्या विजेची वारंवारिता. मोटार विजेवर चालते, मग तिचा आवाज तसाच असणार, असं कुणीही म्हणेल, आणि रात्री मीही तेच धरून बसले होते. पण पाणी जेवढं उथळ, तेवढे खालचे सूर त्यातून जाऊ शकत नाहीत. लांबरुंद लाट मावायला खोली लागते. तीन मीटर पाण्यात साधारण १२५ हर्ट्झच्या खालचा सूर काही मीटरमध्ये विरून जातो. मऊ गाळ असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. मग माझा ५० हर्ट्झ पंचवीस मीटर चालत आला कसा?

मामांना म्हटलं, दिवसा लाईट नाही, आता तपासता येणार नाही. ते म्हणाले, "घरची सिंगल-फेज हाय की. जुनी पाण्याची मोटार लाव." अंगणात मोटार लावली, वायर तिच्याजवळून नेली आणि हायड्रोफोनचं टोक बाभळीच्या फांदीला हवेत टांगलं. पाण्याचा थेंबही नाही. यंत्र चालू केलं. ५० ची रेघ तशीच उभी.

म्हणजे रात्री जे ऐकून काटा आला, त्यातला मोठा भाग आवाज नव्हताच. विजेच्या तारेतून माझ्या वायरीत शिरलेली वीज होती ती. मी वायर पाइपाला चिकटवून नेली आणि यंत्र थेट स्टार्टरच्या पेटीवर ठेवलं, ही माझी चूक. मासा ते ऐकत नव्हता, फक्त माझं यंत्र ऐकत होतं. उसळ्यांच्या काट्याही गेल्या, कारण दहानंतर मी त्या ऐकूनच मोजत होते. उसळ्या कमी झाल्या की माझ्या कानावरून झाकल्या गेल्या, सांगता येत नाही. रात्र गेली याचं दुःख होतंच. पण हा आवाज कोकणात परत जाऊन कुणाला ऐकवला असता तर काय झालं असतं, या विचारानं जास्त घाबरले.

संध्याकाळी काकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग काठच सोडा की." काठ सोडला. होडीतच यंत्र, स्वतःच्या बॅटरीवर, जमिनीशी आणि तारांशी काही संबंध नाही. ओळीतल्या मोटारींपासून शंभरेक मीटर आत जाऊन दगडाचा नांगर टाकला. आणि उसळ्या यावेळी हेडफोन काढून, उघड्या कानानं आणि बॅटरीच्या झोतात पाण्यावर दिसणाऱ्या कड्यांनी मोजायचं ठरवलं.

वाट बघताना काकांनी विचारलं, देवमाशाचं ठीक आहे, पण गोड्या पाण्यात असा कुणी कानावर जगणारा प्राणी आहे का? आहे ना. गंगेतला डॉल्फिन, २००९ साली देशाचा राष्ट्रीय जलचर ठरला तो. डोळे जवळजवळ निकामी. टिक टिक आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या पडसादावर मासा शोधायचा. गंगेच्या जलमार्गावर जहाजं वाढली तेव्हा भारतीय अभ्यासकांनी हेच तपासलं, २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. पाणी उथळ आणि जहाजं जास्त असली की डॉल्फिनला आपला आवाज बदलावा लागतो, त्यात शक्ती खर्च होते. उन्हाळ्यात नदी आटली की हा त्रास वाढतो. काका म्हणाले, "म्हंजी पाणी कमी झालं की आवाजबी जास्त लागतो." मी हो म्हटलं. आमच्यासमोर पाणी रोज वीतभर मागं सरकत होतं.

दहाला लाईट आली. काठावरचे दिवे लुकलुकले. आज गुंजन उभं राहिलं नाही. पाच मिनिटं मला वाटलं, काहीच नाही. मग कान बसले आणि कळू लागलं : एक बारीक, उंच घूं, एकच सूर नव्हे तर थोडे थोडे वेगळे बरेच सूर एकमेकांत मिसळलेले, जसं लांबच्या मोहोळाचं. पंपातली पाती फिरताना दर सेकंदाला जितक्या वेळा पाणी कापतात, तो हा सूर. मिनिटाला २९०० फेरे आणि सहा पाती धरली तर २९० हर्ट्झच्या आसपास. आणि त्याच्या वर एक सततची फस्स, जिथं पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता तिथली. कालच्यापेक्षा कितीतरी लहान आवाज, पण खरा, पाण्यातून आलेला, आणि नेमका रोहूच्या कानात बसणारा. लॅपटॉपवर पाहिलं, ५० ची रेघ नव्हती.

उसळ्या दहाच्या आधी जास्त होत्या, नंतर कमी. आकडा इथं देत नाही, कारण एका रात्रीवरून तो द्यायला माझं मन धजत नाही. दहानंतर गारवाही वाढला होता. आवाजामुळं की गारव्यामुळं, हे दिवसपाळीच्या आठवड्यात आणि अवचित लाईट जाईल त्या रात्री बघितल्याशिवाय सुटणार नाही. शिवाय मोटारी नसलेल्या पाण्यात, त्याच वेळी, तशीच मोजणी हवी. आणि कसला आवाज आहे हेही महत्त्वाचं. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी २००६ साली डॅन्यूब नदीतल्या जहाजांचा आवाज टाकीतल्या माशांना ऐकवला. त्यांत आपला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासाही होता. तणावाचं संप्रेरक वाढलं. तेवढ्याच मोठ्या पण एकसारख्या, सपाट खरखरीनं मात्र वाढलं नाही. सतत बदलणारा, चढ-उतारांचा आवाज माशाला जास्त टोचतो. मोटारींची घूं एकसारखी आहे. कदाचित मासा तिला सरावला असेल आणि खरी टोचणी त्या चालू होण्याच्या क्षणाची असेल. मला आता तो क्षण ऐकायचा आहे, पुन्हा पुन्हा.

पहाटे काकांनी रात्रीचं फासाचं जाळं उचललं. मी मासे मोजू लागले, तर त्यांनी हात धरला. "ताई, नुसते मोजू नका. तोंड बघा." फासाच्या जाळ्यात मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. ज्या बाजूनं आला त्या बाजूला शेपूट राहते. जाळं काठाला समांतर लावलेलं. काकांनी एकेक मासा बॅटरीच्या उजेडात धरून दाखवला : हा काठाकडून खोलात चालला होता, हा पण, हा खोलातून काठाकडं, हा पुन्हा काठाकडून. मासा कुठं जात होता ते जाळ्यावर लिहिलेलं होतं. आम्ही डॉल्फिनच्या पाठीवर चिकटणाऱ्या यंत्रांतून जी दिशा मिळवतो, ती इथं माशाच्या शेपटीत होती. मी एवढी वर्षं जाळी पाहिली, कधी तोंड बघितलं नाही.

पाचवा दिवस : वही

निघायच्या सकाळी थंडीसाठी आलेले पट्टकादंब उथळ पाण्यावरून रांग धरून गेले. १९८६पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. पक्षी मोजायला दर हिवाळ्यात माणसं येतात. मामा म्हणाले, पुढल्या वर्षी त्यांना पाण्याखालचंही ऐकवू.

मामींनी नातवाची अर्धी कोरी वही दिली. मी पट्टीनं रकाने आखले : तारीख, लाईट कधी आली, कधी गेली, वारा, आणि मग दोन रकाने काकांच्या सांगण्यावरून, "काठाकडून" आणि "खोलाकडून". लाईट मामा लिहिणार, मासे काका सांगणार. जाळं नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिशेनं. माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही, दोनदा उचलायचं नाही, कारण उचलण्याचाही आवाज होतो. लाईट नसलेल्या रात्री आपोआप येतील तशा येतील.

पैठणच्या स्टँडवर गाडी लागली होती. पेटी पुन्हा मांडीवर. बिडकीन यायच्या आत मामांचा फोन आला. "अगं, पाळी बदलली. आजपास्नं दिवसाची लाईट, सकाळी साडेआठ. लिहू का?"

म्हटलं, लिहा मामा. आणि आज जाळ्यात काय होतं?

"थांब," ते म्हणाले, आणि लांबून काकांना हाक मारल्याचं ऐकू आलं.